बर्फाच्या कारखान्यातला सेंटर फॉरवर्ड

बर्फाची लादी ठेवली की कमी होते, किस्से ठेवले की वाढतात. आमच्या कारखान्यातले आम्ही जुने तिघं-चौघं कुणाच्या लग्नात एका पंगतीला बसलो की भात येईपर्यंत तीन किस्से होऊन जातात, आणि दर वेळी त्यात एखादा गोल जास्त झालेला असतो. मी आता सांगतोय त्यातले गोल मात्र खरे आहेत, कारण ते मुळातच फार थोडे होते.

मी हरेश्वर, किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा. आणि हसू नका, पण पालघर तालुक्यातला पहिला आणि शेवटचा प्रोफेशनल आइस हॉकी प्लेअर मी आहे. ‘प्रोफेशनल’ म्हणजे पगार घेऊन खेळणारा. ‘आइस’ कुठून आला ते पुढं येईलच, घाई करू नका.

*

बोईसरच्या इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये, सालवडच्या बाजूला, आमच्या शेठचा बर्फाचा कारखाना होता. आजूबाजूला औषधांचे, रंगांचे, लोखंडाचे मोठमोठे कारखाने आणि मध्ये आमचा पत्र्याचा. बर्फ सगळा किनाऱ्यावर जायचा, मासळीला. मी तिथं लाद्या ओढायला होतो, टेंपररी. ही गोष्ट ऐंशी सालानंतरची.

लादी ओढायला लांब दांड्याचा लोखंडी आकडा असतो. तो लादीत अडकवायचा आणि मनगट असं फिरवायचं की लादी घसरत, वळत, दोन हातगाड्यांच्या मधून नेमकी दारात येते. एक दिवस शेठ दारात उभा राहून माझ्याकडं बघत होता.

“ए हऱ्या, तू हॉकी खेळतो?”

“नाय शेठ, बर्फ ओढतो.”

“तेच ते! उद्यापासून तू सेंटर फॉरवर्ड.”

झालं होतं असं, की एस्टेटच्या टूर्नामेंटमध्ये शेठला टीम उतरवायची होती. मी विचारलं, “शेठ, पण हॉकीच का? कबड्डी तरी येते आमाला.”

शेठ म्हणाला, “कबड्डीला बावीस टीम आहेत. हॉकीला तीन. आपण गेलो की चार. म्हणजे नुसती नावं दिली की सेमीफायनल! याला म्हणतात धंदा.”

सकाळी लाद्या आणि दुपारी हॉकी असं ठरलं, आणि हॉकीचा पगार वेगळा. गावात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. आता माझं गावातल्या मीनावर मन होतं आणि तिचंही माझ्यावर, हे सगळ्या आळीला माहीत होतं. पण मीनाची आई गजरीबाय! आमच्या गावातली सगळ्यात मोठी मासळीवाली. आवाज असा की बंदरावर बोलली तर होडीतला माणूस वळून बघायचा. ती जिथून बर्फ घेणार, तिथूनच आळीतल्या सगळ्या बायका घेणार.

माझ्या बापानं मागणं घातलं. गजरीबाय म्हणाली, “खेळायचा पगार? मंग माज्या बोकडाला पन लावा नोकरीला, तो तर दिवसभर खेळतो!”

सगळे हसले. मी पण हसलो. मग ती हसायची थांबली.

“हे बघ हरेश्वर. माजा नवरा बोटीवर, भाऊ बोटीवर. वाऱ्याची खबर आली की मी वाळूत उभी. उभा जन्म वाट बघन्यात गेला माजा. माज्या मीनाला संध्याकाळी घरी येनारा नवरा पायजे. दर्यात पर्मनंट काय नसतं. तू पर्मनंट हो, मंग ये.”

मी सरळ शेठकडं गेलो. शेठ म्हणाला, “शील्ड आण. दुसऱ्या दिवशी पर्मनंट.”

म्हणजे बघा, शील्ड आली तर पर्मनंट आणि पर्मनंट झालो तर मीना. आणि हॉकीची काठी मी तोपर्यंत हातात धरलेली नव्हती.

*

आमचे कोच होते मिश्राजी. कारखान्यात कॉम्प्रेसर चालवायचे, मूळचे यूपीचे. “हमारे यहाँ हॉकी माँ के दूध के साथ मिलती है,” असं म्हणायचे. खेळताना त्यांना कुणी कधी बघितलं नव्हतं, पण शिट्टी झकास वाजवायचे.

एस्टेटच्या मैदानावर कायम क्रिकेटवाले. मग मीच म्हटलं, आमच्या किनाऱ्यावर चला. ओहोटीला पाणी सरलं की खालची वाळू अशी कडक आणि सपाट असते की सायकल चालवा. मिश्राजी खूश. लगेच हुकूम सुटला, “रोज पाँच बजे! मतलब पाँच बजे!”

मी म्हटलं, “मिश्राजी, रोज पाचला नाय जमनार. ओहोटी रोज पाऊन तासानं पुढं जाते.”

“बहाना नहीं चाहिए! डिसिप्लिन चाहिए!”

चार-पाच दिवसांनी मिश्राजी बरोबर पाचला शिट्टी घेऊन हजर, आणि पाणी सुरूच्या झाडांपर्यंत! ते कमरेवर हात ठेवून लाटांकडं बघत राहिले.

“हरेश्वर, मैदान कहाँ गया?”

“मैदान आज सेकंड शिफ्टला हाय, मिश्राजी.”

पण त्यांना समजावता समजावता शेठला एक गोष्ट बरोबर समजली. पुनवेला आणि अवसेला दर्याला उधाण येतं. पाण्याला ओढ जोराची, जाळी भरून येतात, त्यामुळं आमच्या टीममधले गावचे गडी सगळे बोटीवर. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. पाण्याला ओढ नाही, जाळी काठ्यांवर वाळत, बोटी वाळूत, मासळी नाही, बर्फाला गिऱ्हाईक नाही, आणि गडी रिकामे. तेव्हापासून शेठ टूर्नामेंटवाल्या साहेबांना चहा पाजून आमची मॅच दर वेळी भांगातच लावून घ्यायचा.

*

पहिल्या वर्षीची सेमीफायनल. आमचा गोलकीपर बाळाराम. हा मासवणचा गडी, अंगानं दार भरून जाईल असा. कारखान्यात गेटवर वॉचमन, आणि शिवाय बर्फाच्या कोठीची किल्ली त्याच्याच कमरेला. गेटपासशिवाय त्यानं एकदा खुद्द शेठची मोटार अडवून ठेवली होती. शेठनं त्याला शंभरदा सांगितलेलं, “बाळाराम, माल एकदा आपल्या हद्दीत आला की कागद बघितल्याशिवाय बाहेर सोडायचा नाही.”

मॅच सुरू झाली आणि पहिलाच बॉल त्याच्याकडं गेला. बाळारामनं तो दोन्ही पायांत अडवला. आम्ही ओरडलो, “शाबास!” मग बाळारामनं इकडंतिकडं बघितलं आणि बॉलवर बसला.

दोन्ही टीमचे लोक जमा झाले. अंपायर साहेब धावत आले. “बॉल छोडो!”

बाळाराम जागचा हलला नाही.

“अरे, बॉल बाहर छोडो!”

“गेटपास दाखवा,” बाळाराम म्हणाला.

पेनल्टी स्ट्रोक लागला आणि आम्ही हरलो. मला रडू यायचं बाकी होतं, एक वर्ष गेलं की हो माझं! शेठ मात्र बाळारामची पाठ थोपटत होता. म्हणाला, “हरलो तर हरलो, पण वॉचमन असा पाहिजे!”

*

त्याच उन्हाळ्यात शेठनं ऑफिसात नवा टीव्ही आणला. एका रात्री त्यावर परदेशातली आइस हॉकी दाखवली. शेठ दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात आला तो डोळे लाल करून.

“हऱ्या, बर्फ कोणाचा?”

“आपला, शेठ.”

“हॉकी कोणाची?”

“आपली, शेठ.”

“मग हे लोक कोण?”

कारखान्याचा वाढदिवस अक्षय्य तृतीयेला, म्हणजे भर उन्हात. शेठनं जाहीर केलं, त्या दिवशी आवारात आइस हॉकी! एस्टेटचे मोठे साहेब उद्घाटनाला. बर्फ घेणाऱ्या सगळ्या बायकांना आमंत्रण आणि सरबत. आम्ही पहाटेपासून लाद्या बाहेर काढून एकाला एक लावत होतो. सूर्य वर आला तोवर अख्खं आवार पांढरंशुभ्र! पायाला आम्ही गोणपाट गुंडाळून वरून काथ्या बांधला होता, आणि मी मधोमध उभा. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी.

इतक्यात बाळारामच्या लक्षात आलं की कडेनं बर्फ पाणी सोडतोय. आमच्या कारखान्यात बर्फाचे साचे मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवलेले असतात. त्या टाकीत मीठ कमी पडलं की बर्फ धरत नाही, हे आम्ही सगळे रोज ऐकायचो. बाळारामनं मनाशी हिशोब केला: बर्फ धरत नाय, म्हंजे मीठ कमी हाय! आणि साहेबांचं भाषण चालू असताना त्यानं दोन गोणी मीठ सगळ्या मैदानावर शिंपडून टाकलं.

भाषण संपलं तेव्हा त्या मिठानं बर्फ दुप्पट वेगानं वितळून मैदानाचा चिखल व्हायला लागला होता. शिट्टी वाजली. मी जोरात धावलो, पाय सुटले, आणि पोटावर घसरत घसरत थेट पाहुण्यांच्या मांडवात! डोकं जिथं थांबलं तिथं कुणाचेतरी पाय होते. वर बघितलं तर गजरीबाय. शेजारी मीना तोंडावर पदर धरून.

गजरीबाय म्हणाली, “पाया पडून काय उपेग नाय. पर्मनंट हो.”

मग तिची नजर माझ्या मागं गेली. एवढा बर्फ उन्हात पाणी होतोय! ती ताडकन उठली. “अगं बायांनो, बघता काय? घरी बोंबील, पापलेट पडलेत आनि हितं बर्फ वाहून चाललाय!” झालं! सगळ्या बायका पाट्या घेऊन उतरल्या. आम्ही एका बाजूला काठ्या घेऊन उभे आणि दुसऱ्या बाजूनं मैदान पाटीपाटीनं चाललेलं. शेठ ओरडतोय, साहेब सरबत पितायत.

मिश्राजींनी घड्याळ बघितलं, शिट्टी वाजवली आणि म्हणाले, “हाफटाइम. मैदान बाजार गया है.”

ही माझी आइस हॉकीची सगळी कारकीर्द. पगार कापला नाही, म्हणून मी स्वतःला प्रोफेशनल म्हणतो.

*

दुसऱ्या वर्षीची सेमीफायनल. समोर औषधाच्या कारखान्याची टीम. त्यांचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे वाघ. पहिल्या हाफमध्येच आमच्यावर एक गोल. हाफटाइमच्या तोंडावर त्याच्या घोट्याला लागलं, जरासंच. आमच्याकडं बर्फ नेहमीच असायचा, म्हणून तो बिचारा लंगडत आमच्या टेंपोपाशी आला. “थोडा बरफ मिलेगा?”

बाळाराम म्हणाला, “थोडा कशाला? आमचा धंदाच हाय.”

बाळारामच्या मनात काही नव्हतं हो, देवाशपथ. माणूस भला. पण बर्फ लावणं म्हणजे त्याला एकच ठाऊक. त्यानं लादी फोडून चुरा केला, टेंपोत मासळीची मोठी लाकडी पेटी होती तिच्यात खाली एक थर घातला, त्यावर त्या सेंटर फॉरवर्डला झोपवला, बाजूनं दाबून चुरा भरला, वरून एक थर दिला आणि गोणपाट टाकलं. फक्त नाक बाहेर. उन्हातून आलेला माणूस, त्याला पहिल्यांदा बरंच वाटलं असणार. डोळे मिटून पडला.

दुसरा हाफ सुरू व्हायची शिट्टी झाली आणि त्यांची टीम त्याला शोधतेय. सापडला तेव्हा ओठ निळे, दात वाजतायत, आणि गुडघे काही वाकेनात. चौघांनी त्याला उभा केला तर तो वल्ह्यासारखा ताठ. उरलेला वेळ तो उन्हात बसून होता आणि आम्ही दोन गोल मारले.

त्यांचे मॅनेजर बाळारामच्या अंगावर आले. “ये क्या किया तुमने आदमी का?”

बाळाराम समजुतीच्या सुरात म्हणाला, “साहेब, काळजी नका करू. असा भरलेला माल मुंबईपर्यंत ताजा राहतो.”

*

आणि मग फायनल.

समोर लोखंडाच्या कारखान्याची टीम. त्यातले दोघं तर कॉलेजच्या टीममधून खेळून आलेले. मीना आदल्या दिवशी मुद्दाम रिक्षा करून कारखान्यावर आली होती. म्हणाली, “आय म्हणते, या वर्षी नाय झालं तर सातपाटीचं स्थळ आलंय, तिथं होकार देनार.” आणि तोंड फिरवून रिक्षात जाऊन बसली. मी दिवसभर लाद्या ओढत होतो की लाद्या मला, काही कळत नव्हतं.

मॅच सुरू झाली. त्यांनी गोल मारला. मग कसा कोण जाणे, मला बॉल मिळाला. समोर दोघं जण, हातगाड्यांसारखे आडवे. मनगट असं फिरवलं, बॉल दोघांच्या मधून निघाला आणि थेट गोलमध्ये! शेठनं आनंदानं मिश्राजींना मिठी मारली. एक-एक.

त्या धामधुमीत एक बॉल गटारात गेला. एस्टेटचं गटार ते. बॉल पांढरा गेला आणि जांभळा होऊन पुलाखालून पुढं निघून गेला. राहिला एकच बॉल.

शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली होती. इतक्यात आमच्या गोलच्या मागं रिक्षा थांबली आणि तो आवाज आला. गजरीबाय! मीना मागं रिक्षातच बसलेली. डोक्यावर पाटी घेऊन गजरीबाय तरातरा आमच्या गोलपाशी. तिथं जाळी वगैरे काही नव्हती, नुसते दोन बांबू.

“बाळाराम! कोठीची किल्ली दे! माजा सगळा माल सडला तिकडं, आनि तुमी हितं काठ्या घेऊन नाचताव?”

बाळाराम म्हणाला, “काकी, गेटपास आना.”

“आग लागो तुज्या गेटपासला! किल्ली दे!”

“गेटपासशिवाय नाय देता येत, काकी.”

तो तिच्याकडं तोंड करून तिला नियम समजावतोय, आणि तिकडून त्यांचा कॉलेजवाला बॉल घेऊन सुटला! मी ओरडलो, “बाळ्याऽ!” बाळाराम वळून पुढं झेपावला, पण उशीर झाला होता. त्या पोरानं त्याला चुकवलं आणि मोकळ्या गोलमध्ये बॉल मारला. मी डोळे मिटून घेतले. सातपाटीचा नवरदेव घोड्यावर बसलेलासुद्धा मला दिसला.

खाड्‌कन आवाज झाला. डोळे उघडले तर गजरीबायनं पाटी डोक्यावरून उतरवून बरोबर गोलच्या रेषेवर आडवी ठेवलेली, तोंड समोर करून. बॉल पाटीत. तिनं पाटी उचलली, डोक्यावर ठेवली आणि चालायला लागली.

“ए बाई! बॉल दो!” अंपायर धावले.

“कंचा बॉल? पाटीत पडला तो माजा. आमच्या बंदरावर असाच कायदा हाय.”

“अरे, पर मॅच चालू है!”

“मंग चालू द्या की! मी कुटं अडवलंय?”

आणि रिक्षात बसून गेलीसुद्धा. किल्लीचं विसरूनच गेली.

अंपायर साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. बॉल रेषेच्या आत गेला नाही, म्हणून गोल नाही. बाहेरच्या माणसानं अडवला, म्हणून मधून परत सुरू करायचं. पण सुरू करायला बॉल कुठाय? माणूस सायकलवर बाजारात पाठवला. तो येईपर्यंत अंधार पडला. शेवटी जाहीर झालं, दोन्ही टीम विजयी! शील्ड सहा महिने त्यांच्याकडं, सहा महिने आमच्याकडं.

दुसऱ्या दिवशी मी शेठसमोर उभा. शेठनं पेन खाली ठेवलं. “हऱ्या, हिशोब हिशोबासारखा पाहिजे. शील्ड अर्धी, तर पर्मनंट पण अर्धा. वर्षात सहा महिने तू पर्मनंट, सहा महिने टेंपररी.”

दोन वर्षं त्या वाळूत पळालो, आणि हे? एवढ्यात दारातून आवाज आला. गजरीबाय बर्फाचा मागचा हिशोब चुकता करायला आली होती, मागं आळीतल्या बायका.

“बरोबर बोललास शेठ. हिशोब म्हंजे हिशोब. मंग आमी पन सा महिने तुजा बर्फ घेऊ. सा महिने जेट्टीवरच्या कारखान्याचा.”

शेठ तिच्याकडं बघत राहिला. मग पाठीमागच्या बायकांकडं. मग त्यानं पेन उचललं.

त्याच वर्षी आमचं लग्न झालं. बाळारामनं मांडवाच्या दारात उभं राहून प्रत्येकाची पत्रिका तपासून आत सोडलं.

लग्नानंतर पहिल्यांदा सासूकडं जेवायला गेलो. किनाऱ्यानंच गेलो. बोटी सगळ्या वाळूत ओढलेल्या, जाळी काठ्यांवर वाळत पडलेली, सगळीकडं सामसूम. अष्टमी होती, भांग. आणि चालता चालता मी थबकलोच. दर्यावरचं पोर मी, आणि इतके दिवस डोक्यात आलं नव्हतं!

ताटावर बसलो. गजरीबाय समोर पापलेट तळत होती. वर फळीवर, देवाच्या शेजारी, तो बॉल ठेवलेला.

मी म्हटलं, “आय, एक विचारू? फायनल भांगात होती. गावातली एक बोट पान्यात नव्हती. मंग तुमच्याकडं सडायला मासळी आली कुठून?”

तिनं पापलेट उलटलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“गप जेव. पाटी रिकामी होती, म्हनून तर बॉल मावला.”